चेहरा गप्प झाला तरी पाय बोलतात

"डॉक्टर, आमच्या ह्यांना हल्ली कशाचे काही वाटतच नाही हो! नातू शाळेत पहिला आला, घरात पेढे वाटले, सगळे आनंदात. आणि हे आपले भिंतीकडे पाहावे तसे बसलेले. परवा मी तापाने फणफणले होते, तरी यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही."

ही तक्रार वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या शब्दांत दवाखान्यात येते. आमची सदाशिव पेठ भावना उघड करण्याबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हती. मुलगा बोर्डात आला तरी "बरे झाले" एवढ्यावर भागवणारी घरे इथे आहेत. त्यामुळे एखादे गृहस्थ अबोल झाले, चेहरा कोरा झाला, की "वयाबरोबर विक्षिप्त झाले" असे म्हणून घरचे सोडून देतात. कधी कधी मात्र तो वयाचाही दोष नसतो आणि स्वभावाचाही. तो कंपवात असतो. आधुनिक वैद्यकात त्याला पार्किन्सन्सचा आजार म्हणतात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव.

कंपवात म्हटले की लोकांना फक्त थरथरणारा हात आठवतो. पण काही रुग्णांचा हात मुळीच थरथरत नाही. अंग ताठरते, हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चालताना एक हात हलेनासा होतो. आणि चेहऱ्याचे स्नायूही याच मंदपणात सापडतात. पापण्या कमी लवतात, हसू ओठांपर्यंत पोचत नाही. चेहऱ्यावर मुखवटा चढवल्यासारखे दिसते. आत आनंद असतो, काळजी असते, बायकोविषयी माया असते. पण ती दाखवणारी खिडकीच बंद झालेली असते. घरचे मात्र खिडकी पाहून घरात कोणी नाही असे समजतात. या आजारात पडण्याने हाडे मोडतात तशी या गैरसमजाने नातीही दुखावतात. पहिल्या गोष्टीची काळजी सगळे घेतात, दुसरीचे नावही कोणी काढत नाही.

या दोन्हींवर थोडाफार उपयोगी पडणारा एक उपाय आज सांगायचा आहे. तो गोळी नाही, तेल नाही, काढा नाही. तो आहे नाच. हसू नका, पुढे वाचा.

ठेक्याची काठी

आपल्या मेंदूत खोलवर काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. सवयीच्या हालचाली विचार न करता घडाव्यात यासाठी ते लागते. चालताना आपण "आता उजवा, आता डावा" असे मनाशी म्हणत नाही. ते आपोआप चालते. कंपवातात या पेशी हळूहळू कमी होतात आणि ही आपोआप चालणारी यंत्रणा बिघडते. मग दाराच्या उंबऱ्यापाशी, अरुंद बोळात किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. माणसाला पुढे जायचे असते, पण पाऊल सुटत नाही.

गंमत अशी, की आतली घंटा बंद पडली तरी बाहेरची घंटा पुष्कळदा कामी येते. जमिनीवर खडूच्या आडव्या रेघा ओढल्या, कोणी "एक, दोन, एक, दोन" असे म्हटले, ठेका असलेले गाणे लावले, की तोच अडलेला पाय उचलला जातो. तालाच्या साथीने चालण्याचा सराव केल्यास कंपवाताच्या रुग्णांचा वेग आणि पावलाची लांबी वाढते, हे १९९० च्या दशकातच संशोधकांनी मोजून दाखवले आहे. म्हणजे म्हाताऱ्याच्या हातात जशी काठी देतात, तशी यांच्या कानात ठेक्याची काठी द्यायची.

पण नुसता ठेका म्हणजे कवायत झाली. कवायत दहा दिवस होते, अकराव्या दिवशी माणूस कंटाळतो. शिवाय कवायतीत मनातले काही बाहेर येत नाही. इथे नाचाचे काम सुरू होते. जगातल्या अनेक नाचांपैकी डॉक्टरांचे लक्ष विशेषकरून एका नाचाकडे गेले. त्याचे नाव टँगो.

टँगो म्हणजे काय?

अर्जेंटिना हा देश आपल्याला मॅराडोनाच्या फुटबॉलमुळे ठाऊक आहे. तिथले ब्युनोस आयर्स आणि शेजारच्या उरुग्वेमधले मॉन्टेव्हिडिओ या बंदरांच्या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा नाच आकाराला आला. पोटासाठी देश सोडून आलेली माणसे, त्यांची घराची ओढ, एकटेपण, प्रेम, हे सारे त्या संगीतात उतरले. २००९ साली युनेस्कोने या दोन देशांच्या टँगोला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

सिनेमात किंवा टीव्हीवर दिसतो तो गिरक्यांचा, उंच लाथांचा टँगो रंगमंचासाठी बसवलेला असतो. खरा रोजचा टँगो साध्या दिवाणखान्यात नाचतात. साठी-सत्तरीची जोडपी तो नाचतात. दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांना हलकेच धरतात आणि संगीतावर चालतात. नाचाचा पाया एवढाच. एक जण पुढे पाऊल टाकतो, दुसरा मागे. सारी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने खोलीभर फिरतात. पावलांची ठरलेली मालिका नसते. पुढचे पाऊल कोणते, हे त्या क्षणी ऐकू येणाऱ्या संगीतावरून नेणारा ठरवतो, छातीच्या किंचित हालचालीने सुचवतो, आणि सोबतचा ते ओळखून उत्तर देतो.

मग यात भावना कुठे येते? आपल्याकडची उपमा घेऊ. तबल्यावर तोच ठेका चाललेला असतो. एक गवई समेवर सरळ येतो, दुसरा जरा रेंगाळून अलगद उतरतो. मात्रा त्याच, पण ऐकणाऱ्याच्या मनात उमटते ते वेगळे. टँगोतही पाऊल तेच. ते ठाम टाकले तर एक अर्थ, ओढत नेले तर दुसरा, मध्येच थांबले तर तिसरा. हुआन दारिएन्सो यांच्या वाद्यवृंदाचा ठेका खणखणीत आणि उत्साही. त्यावर पावले चटचट पडतात. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांचे संगीत थांबे घेत, दाटून येत जाणारे. त्यावर तेच जोडपे एका ठिकाणी उभे राहून नुसता श्वास जुळवते. बँडोनियन नावाचे वाद्य या संगीतात प्रमुख असते. ते आपल्या बाजाच्या पेटीसारखेच भात्यावर चालते. त्याचा सूर कधी खेचला जातो, कधी तुटतो. नाचणाऱ्याने तो पायात आणायचा. चेहऱ्यावर हावभाव करण्याची गरज नसते. पुष्कळ जण तर डोळे मिटून नाचतात.

कंपवाताच्या रुग्णाला यात नेमके काय मिळते, ते आता लक्षात येईल. ज्याचा चेहरा बोलत नाही, त्याला बोलायला दुसरी जागा मिळते. पाऊल, हात, थांबणे, सुटणे. समोरच्याने ते डोळ्यांनी वाचायचे नसून हातांनी वाचायचे असते.

आणखी एक गोष्ट. कवायतीत थांबला तो चुकला. टँगोत थांबणे हा नाचाचाच भाग आहे. संगीत विसावले की जोडपेही विसावते आणि पुढच्या ठेक्यावर पुन्हा निघते. ज्याचे पाऊल रस्त्यात अडते आणि ज्याला त्याची लाज वाटते, त्याला थांबण्याचा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. थांबणे, निघणे, मागे चालणे, वळणे, तोल एका पायावरून दुसऱ्यावर नेणे: कंपवातात जे जे अडते, त्याचाच सराव या नाचात होतो.

तपासून पाहिलेले

हे केवळ कौतुक नव्हे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गॅमन अर्हार्ट आणि मॅडेलीन हॅकनी या संशोधिकांनी यावर अनेक वर्षे काम केले. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही रुग्णांना टँगो शिकवला, काहींना वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट हे दुसरे जोडीनाच शिकवले, काहींना काहीच शिकवले नाही. १३ आठवड्यांत तासा-तासाचे २० वर्ग झाले. नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल, सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर आणि मागे टाकण्याचे पाऊल सुधारले. काही बाबतींत टँगोचा गट दुसऱ्याच्या बरोबरीने किंवा थोडा पुढेच होता.

२०१२ साली अर्हार्ट आणि त्यांचे सहकारी रायन डंकन यांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६२ रुग्ण होते. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा टँगो केला. औषधाचा अंमल उतरलेला असताना तपासले, तेव्हा नाचणाऱ्यांचा ताठरपणा, मंदपणा वगैरे लक्षणांचा गुणांक सुधारलेला होता. न नाचणाऱ्यांचा तसाच होता. हे अभ्यास लहान आहेत. नाचाने आजार बरा होतो असा अर्थ कोणी काढू नये. मेंदूतल्या गेलेल्या पेशी नाचाने परत येत नाहीत.

२०१० सालचा एक निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. जोडीने नाचणारे आणि एकट्याने नाचणारे अशा दोन गटांची तुलना केली, तर तोल आणि चाल दोघांचीही सुधारली. पण जोडीने नाचणाऱ्यांना अधिक आनंद मिळाला आणि पुढेही नाचत राहण्याची इच्छा त्यांच्यात अधिक दिसली. ज्या उपायात माणूस टिकून राहतो, तोच उपाय कामाचा.

आपल्याकडे

हे सारे परदेशातले, असे म्हणून कोणी वर्तमानपत्र मिटू नये. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. त्यानंतर दहाएक वर्षांतच पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांना नाच शिकवण्याचे काम हाती घेतले. पार्किन्सन्स मित्रमंडळ या रुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या पुण्यातील स्वमदत गटाचे लोक त्यात सहभागी झाले. जन्मात कधी नाचलेले नाहीत, अशी पेन्शनर मंडळी तिथे ठेक्यावर हात-पाय हलवू लागली.

जोडीने, प्रेक्षकांशिवाय, भावना मोकळी करण्यासाठी नाचणे आपल्याला नवे आहे का? मुळीच नाही. आमच्या पेठेतल्या वाड्यांत श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर जागत असे. झिम्मा, पिंगा, नाना तऱ्हेच्या फुगड्या रात्रभर चालत. सासरी ज्या सुनेला मान वर करून बोलता येत नसे, ती सासूची, नणंदेची गाऱ्हाणी गाण्यातून सांगे आणि सासूही ती ऐकून हसे. चेहऱ्यावर दाखवायची सोय नव्हती ते अंगातून आणि ठेक्यातून बाहेर पडे. फुगडी तर अगदी टँगोच्या जवळची. दोघींनी हातांची अढी घालायची, पावले जुळवायची, मागे रेलायचे. एकीचा तोल दुसरीच्या हातात. जोडीदारणीचा वेग हातातूनच कळतो. तो ओळखता आला नाही की फुगडी मोडते.

हल्ली मंगळागौर कार्यालयात होते. खेळ करून दाखवणारे मंडळ बोलावतात, ते छान खेळते, आणि घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करतात. पाहून डोळ्यांना सुख होते, पण सांध्यांना, तोलाला आणि मनाला काही मिळत नाही. पुरुषांची तऱ्हा आणखी वाईट. विसर्जनाच्या मिरवणुकीत पंचविशीपर्यंत नाचले तेवढेच. पुढे पन्नास वर्षे पाय फक्त मंडईपर्यंत.

घरी कसे करावे?

टँगोचा वर्ग गावात नसला तरी बिघडत नाही. त्यातले तत्त्व घ्यावे. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि शक्य असेल तर पहिल्या एक-दोन वेळा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावे.

गाणे: घड्याळ लावून रुग्ण एका मिनिटात सहज किती पावले टाकतो ते मोजा. त्याच वेगाच्या आसपासचे, ठळक ठेक्याचे गाणे निवडा. अभंग, नाट्यगीत, जुने सिनेगीत, काहीही चालेल. मात्र ते रुग्णाच्या आवडीचे असावे. फार जलद गाणे नको. त्याने पावले बारीक आणि घाईची होतात आणि माणूस पुढे झुकून पडतो.

भार बदलणे: दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या कोपराखाली हात धरावेत. ओढायचे नाही, नुसता आधार. पावले न उचलता ठेक्यावर भार उजव्या पायावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर न्यावा. एक गाणे एवढ्यातच जाऊ द्या.

चाल: रुग्णाने पुढे, सोबत्याने मागे, अशी आठ पावले. मग थांबा. गाण्याची एक ओळ तसेच उभे राहून ऐका. भार डोलवून पुन्हा निघा. रुग्णाने मागे पाऊल टाकण्याचा सराव फक्त धरणारा माणूस भक्कम असेल तरच करावा, एकट्याने कधीही नाही.

वळण: जागच्या जागी गिरकी घेऊ नये. मोठा अर्धगोल करून वळावे.

भाव: तीच आठ पावले एकदा आनंदाच्या गाण्यावर टाका, एकदा शांत भजनावर, एकदा जुन्या विरहगीतावर. काही शिकवू नका. पावले आपोआप वेगळी पडतात की नाही पाहा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कधी निघायचे, कधी थांबायचे हे रुग्णाला ठरवू द्या. आजारी माणसाच्या घरात जेवण, औषध, झोप, कपडे, सगळे दुसरे ठरवत असतात. दहा मिनिटे तरी तो नेणारा आणि घरचे सोबत जाणारे, असे होऊ द्या. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. जमेल तसे वीस-तीस मिनिटांपर्यंत, आठवड्यातून तीन-चार दिवस.

ज्यांना उभे राहणे अवघड आहे त्यांनी बिनचाकांच्या, हाताच्या खुर्चीत बसून पाय आपटावेत, टाळ्या द्याव्यात, सोबत्याचे हात धरून डोलावे. त्याचाही उपयोग होतो. सोबत मोठ्याने गाणे म्हटले तर आवाजालाही व्यायाम.

काळजी

औषधाचा गुण जाणवत असतो त्या वेळीच हे करावे. लेव्होडोपाच्या गोळ्या नाच सुरू केला म्हणून कमी करू नयेत किंवा बंद करू नयेत. त्या अचानक थांबवणे धोक्याचे आहे. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत दुखत असेल, अलीकडे हाड मोडले असेल किंवा वारंवार पडणे होत असेल, तर आधी तपासणी. जमिनीवर सतरंजी, वायर, ओली फरशी नको. पायात बसणारी, न घसरणारी चप्पल किंवा बूट हवेत. मोजे घालून फरशीवर नाचू नये. फुगडीचे कौतुक वर केले असले तरी ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत अशा आजींनी आणि कंपवाताच्या कोणत्याही रुग्णाने फुगडी घालू नये. हात सुटला की मनगट किंवा खुबा गेलाच.

कोरा चेहरा प्रत्येक वेळी नुसता मुखवटा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. या आजारात नैराश्यही येते आणि त्यावर औषधोपचार आहेत. झोप उडाली, जेवण तुटले, "आता जगून काय करायचे" असे शब्द आले, तर ते सहज बोलणे समजू नका. लगेच डॉक्टरांना सांगा.

ज्यांना अजून निदान झालेले नाही त्यांनी एवढे पाहावे: घरातल्या वडीलधाऱ्यांचे अक्षर बारीक झाले आहे का, चालताना एकच हात हलतो का, वास कळेनासा झाला आहे का, हसणे कमी झाले आहे का. यातले एक-दोन असले म्हणजे कंपवात असेलच असे नाही. पण मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवावे.

सुरुवात करताना एका वहीत तारीख घालून तीन नोंदी कराव्यात: खुर्चीतून उठायला किती सेकंद लागतात, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत किती पावले पडतात, महिन्यात किती वेळा तोल गेला. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे आणि ती वही पुढच्या तपासणीला बरोबर न्यावी. चौथी नोंद सोबत्याने स्वतःसाठी करावी, की आज यांनी मला कोणत्या गाण्यावर थांबवले आणि कोणत्या गाण्यावर पुढे नेले.